यकृताला कसं कळतं?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे घरोघरी एक शब्द मुक्कामाला आला होता. सीआरपी. शाळा सुटल्यापासून ज्यांनी विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं, तेसुद्धा फोनवर विचारत होते, "काकांचा सीआरपी किती आला गं आज? काल ऐंशी होता ना?" आकडा उतरला की घर जेवायला बसायचं. चढला की कुणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

कोविडची साथ ओसरली, पण तो शब्द राहिला. आता तो हृदयाच्या तपासण्यांच्या यादीत भेटतो, मागे 'एचएस' ही अक्षरं लावून. आणि तो दिसला की माझ्या मनात दरवेळी एकच प्रश्न उभा राहतो. सीआरपी हे एक प्रथिन आहे आणि ते मुख्यतः यकृतात तयार होतं. मग जंतू शिरलाय फुप्फुसात, किंवा काहीतरी धुमसतंय हृदयाच्या धमनीत, ही गोष्ट उजव्या बरगड्यांखाली बसलेल्या यकृताला कळते कशी?

आधी त्या नळीकडे नीट बघू या. सकाळी उपाशीपोटी आपण हात पुढे करतो, दंडाला रबरी पट्टा आवळला जातो, सुई टोचते आणि पिवळ्या टोपणाची नळी भरते. ती लगेच तपासत नाहीत. अर्धा तास तशीच उभी ठेवतात, म्हणजे रक्त गोठतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ती गरागरा फिरवतात. बाहेर काढली की रक्ताचे मजले झालेले असतात. तळाला काळपट लाल गोळा, मध्ये जेलचा पडदा आणि वर शेंगदाण्याच्या तेलासारखा पिवळसर, नितळ द्रव. हा सीरम. हृदयाचं, यकृताचं, मूत्रपिंडाचं जे काही वाचायचं ते बहुतेक सगळं याच चमचाभर पिवळ्या पाण्यात.

कधीकधी मात्र सीरम पिवळा नसतोच, पाणी घातलेल्या दुधासारखा पांढरट असतो. त्या माणसाच्या रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी भरमसाट वाढलेली असते. अशी नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली तर सकाळी काय दिसतं? पुष्कळदा वर साय धरलेली असते! आपल्या पातेल्यातल्या दुधावर येते तशीच, पण माणसाच्या रक्तावर.

चरबी अशी डोळ्यांना दिसते तरी. सीआरपी दिसणं शक्यच नाही. एक लिटर सीरममध्ये सगळी प्रथिनं मिळून साधारण सत्तर ग्रॅम असतात. निरोगी माणसाचा सीआरपी लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास, अनेकांचा त्याहूनही कमी. म्हणजे सत्तर हजारांत एक. वानखेडे स्टेडियम दोनदा खच्चून भरावं आणि त्या सगळ्या गर्दीतून एक माणूस हुडकावा, तसलं हे काम. मग तो सापडला तरी कसा?

१९३० साल. न्यूमोनिया झाला की डॉक्टरांच्या हातात फारसं काही नसायचं, पेनिसिलिन औषध म्हणून हाती यायला अजून दहा-बारा वर्षं होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघं न्यूमोनियाच्या जंतूचे भाग सुटे करत होते. त्यातल्या एका पिष्टमय अंशाला त्यांनी नुसतं 'सी' म्हटलं. हा सी त्यांनी आजारी माणसाच्या सीरममध्ये मिसळला आणि नितळ द्रव गढूळ झाला.

यात नवल नव्हतं. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती जंतूच्या भागांना चिकटून गाळ धरतात, हे तेव्हा माहीत होतं. नवल पुढे आहे. प्रतिपिंडं यायला काही दिवस लागतात आणि रोगी बरा झाल्यावरही ती रक्तात रेंगाळतात. इथे उलटंच चाललं होतं. ताप भरात असताना सीरम गढूळ व्हायचा आणि रोगी बरा झाला की त्याचा सीरम सी घातल्यावरही नितळच राहायचा. लढाई सुरू असताना आलेलं आणि संपताच निघून गेलेलं हे होतं तरी कोण? पुढे कळलं, की न्यूमोनियाच कशाला, इतर आजारांतही हा पाहुणा हजर असतो. सी शी जुळणारं प्रथिन म्हणून त्याचं नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. सीआरपी तो हाच.

(जाता जाता सांगायलाच हवं. आनुवंशिकतेचा मजकूर डीएनएमध्ये असतो, हे १९४४ मध्ये याच एव्हरींच्या प्रयोगशाळेतून बाहेर आलं, तेही याच न्यूमोनियाच्या जंतूवर काम करताना. त्या शोधातले एक सहकारी मॅकलिन मॅकार्टी यांनी पुढे १९४७ मध्ये सीआरपीचे स्फटिक तयार केले. एका जंतूने एकाच खोलीतल्या माणसांना केवढं दिलं!)

आता या प्रथिनाचा आकार बघा. पाच अगदी सारखे तुकडे गोल कडं करून बसलेले, पाच पाकळ्यांच्या फुलासारखे. फुलाच्या एका बाजूला प्रत्येक पाकळीत कॅल्शियमचे कण आणि तिथेच फॉस्फोकोलीन नावाचा रेणू पकडायची खोबण. हा रेणू न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगावर असतो आणि आपल्या स्वतःच्या मरू घातलेल्या पेशींवरही उघडा पडतो. फूल त्याला चिकटतं आणि भक्षक पेशींना खूण करतं, की हे उचला.

ही युक्ती किती जुनी असेल? ओडिशाच्या किनाऱ्यावर घोड्याच्या नालेसारखा एक जीव वाळूवर अंडी घालायला येतो. लोक त्याला खेकडा म्हणतात, पण नात्याने तो कोळ्यांना जवळचा. डायनोसॉर यायच्या कितीतरी आधीपासून हे कुळ समुद्रात आहे. त्यांच्या अंगात आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत, रक्त निळसर आहे, आणि त्या निळ्या रक्तात सीआरपीचा भाऊबंद आहे!

बरं, यकृताला कळतं कसं, या प्रश्नाकडे येऊ.

जंतू फुप्फुसात शिरला की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि एक छोटंसं प्रथिन रक्तात सोडतात. त्याचं नाव इंटरल्यूकिन-६. जपानमध्ये ओसाका इथे तोशिओ हिरानो आणि तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचा जनुक शोधून काढला. हे प्रथिन म्हणजे हाक. रक्ताबरोबर ती वाहत यकृताशी पोहोचते, यकृताच्या पेशींना ती ऐकण्यासाठी जणू कान असतात, त्यात जाऊन बसते, आणि यकृत हातातली कामं बाजूला सारून सीआरपीच्या मागे लागतं. सहा-आठ तासांत रक्तातला आकडा वाढू लागतो, दोन दिवसांत शिगेला पोहोचतो, आणि मोठ्या आजारात तो मूळच्या शेकडो पट, कधी हजार पटही होतो. शरीरातल्या किती गोष्टी दोन दिवसांत अशा हजारपट होतात, सांगा.

उतरणंही तितकंच शिस्तीचं. रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांनी निम्मा होतो, माणूस आजारी असो की धडधाकट. एखाद्या हौदाच्या तळाला कायम एकाच मापाचं भोक असावं, तसं. मग हौदात पाणी किती, यावरून वरचा नळ किती सुटलाय ते नेमकं कळतं. सीआरपीचा आकडा म्हणजे ती पाण्याची पातळी. तापमापीचा पारा काय वागेल इतका हा आकडा सरळ वागतो, आणि म्हणूनच डॉक्टरांना तो आवडतो.

हाकेचीच ही करामत आहे याचा पुरावाही २०२१ मध्ये आपल्या डोळ्यांसमोर होता. टोसिलिझुमॅब आठवतं? त्या एका इंजेक्शनसाठी लोक गावोगाव फोन फिरवत होते. किशिमोतोंच्याच संशोधनातून आलेलं हे औषध यकृताचे ते कान बुजवून टाकतं. मग आत आग असली तरी यकृताला हाक ऐकूच येत नाही आणि सीआरपी झपाट्याने खाली येतो. म्हणून हे औषध घेणाऱ्या माणसाला नवा जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी गप्पच राहू शकतो, आणि डॉक्टरांना त्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून चालत नाही.

झालं फुप्फुसाचं. पण हृदयाच्या धमनीत जंतू नसतो. मग तिथून हाक कोण मारतं?

इथे चरबीची गोष्ट आत येते. रक्त पाण्यासारखं आणि चरबी पाण्यात विरघळत नाही, हे फोडणीच्या तेलावर पाणी उडालं की आपल्याला कळतंच. म्हणून शरीर कोलेस्टेरॉल गोळ्यांत भरून पाठवतं. 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणून बदनाम झालेला एलडीएल हा असा एक गोळा. इतका बारीक, की केसाच्या जाडीएवढ्या अंतरात तीन हजारांहून जास्त गोळे ओळीने मावतील. आणि इतक्याशा गोळ्याभोवती एकच लांबलचक प्रथिन गुंडाळलेलं, ४,५३६ अमिनो आम्लांची अखंड माळ. एका गोळ्याला एक माळ, दोन कधी नाहीत.

हे गोळे वेगळे काढले कसे, तर तरंगवून. अमेरिकेत बर्कलीला जॉन गॉफमन यांनी १९५० च्या सुमारास सीरममध्ये मीठ घालून तो जड केला आणि मिनिटाला हजारो फेऱ्या मारणाऱ्या यंत्रात फिरवला. जड प्रथिनं खाली गेली आणि चरबीचे गोळे आपापल्या हलकेपणाप्रमाणे वर आले. दही घुसळून लोणी काढणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. मात्र रोजच्या लॅबला असलं यंत्र कुठून परवडणार? म्हणून १९७२ मध्ये विल्यम फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी वजाबाकी सुचवली. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे 'चांगलं कोलेस्टेरॉल', वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरला तो एलडीएल. आपल्या हातातल्या अनेक रिपोर्टांमधला एलडीएल मोजलेला नसून असा काढलेला असतो. उपाशीपोटी या, असा आग्रह इतकी वर्षं चालला त्याचं एक मोठं कारण हीच वजाबाकी. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड चढतं आणि गणित चुकतं.

हे गोळे धमनीच्या अस्तराखाली सरकतात आणि काही तिथेच अडकतात. अडकलेली चरबी हळूहळू खवट होते. डब्याच्या तळाशी विसरलेल्या चिवड्याचं होतं, तेच रासायनिक दुखणं, ऑक्सिडीकरण. मग भक्षक पेशी येतात. त्यांना वाटतं हा कचरा, खाऊ या. खातात, आणखी खातात, आणि थांबतच नाहीत! पोटात चरबीचे थेंब भरून त्या इतक्या फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारख्या दिसतात. म्हणून त्यांचं नाव फेनपेशी. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव यांनी १९१३ मध्ये सशांना सूर्यफुलाच्या तेलातून कोलेस्टेरॉल चारलं होतं, तेव्हा त्या सशांच्या धमन्यांतही याच पेशी दिसल्या होत्या.

आणि आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा क्षण. भक्षक पेशीला जंतू पचतो, पण कोलेस्टेरॉल पुरतं पचत नाही. ते साचतं आणि त्याचे स्फटिक होतात, बारीक, अणकुचीदार. हे स्फटिक पेशीच्या आतली पिशवी फाडतात आणि पेशीतला धोक्याचा गजर वाजतो. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा गजर वाजला की इंटरल्यूकिन-१ सुटतं, ते आजूबाजूच्या पेशींकडून इंटरल्यूकिन-६ सोडवतं, ते रक्तात वाहत यकृताशी जातं, आणि यकृत?

यकृत सीआरपी बनवायला घेतं. हाक तीच, कानही तेच! फुप्फुसातून आली की धमनीतून, हे यकृताला मुळी ठाऊकच नसतं. फरक फक्त आवाजाचा. न्यूमोनियाची हाक म्हणजे आरोळी, धमनीची हाक म्हणजे भिंतीपलीकडची कुजबुज. न्यूमोनियात आकडा शंभर-दोनशेवर जातो, धमनीच्या कुजबुजीने तो एकाचा तीन होतो, बस.

इतकी बारीक कुजबुज ऐकायला मोजमापही तसंच नाजूक हवं. 'एचएस' म्हणजे अतिसंवेदनशील, ते याचसाठी. सीआरपीला पकडणारी प्रतिपिंडं लाटेक्सच्या सूक्ष्म मण्यांवर चिकटवतात आणि ते मणी सीरममध्ये सोडतात. एका पाच पाकळ्यांच्या फुलाला दोन-तीन मणी धरतात, मण्यांचे गुच्छ होतात, द्रव किंचित गढूळ होतो आणि त्यातून जाणारा प्रकाश मंदावतो. यंत्र तेवढंच मोजतं. म्हणजे टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये नळी उजेडात धरून जो गढूळपणा पाहिला, तोच आजही मोजतात. डोळ्याच्या जागी यंत्र आलं आणि जंतूच्या सी च्या जागी मणी आले.

कुजबुज ऐकू येते खरी, पण तिच्यावरून पुढचं काही सांगता येतं का? हे तपासायला भूतकाळातलं रक्त हवं. ते होतं. अमेरिकेत १९८२ मध्ये २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर ॲस्पिरिनचा एक मोठा प्रयोग सुरू झाला होता, आणि सुरुवातीलाच त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपलं रक्त पाठवून दिलं होतं. ते गोठवून ठेवलं होतं. वर्षं गेली. काहींना हृदयविकाराचे झटके आले, काहींना पक्षाघात, काहींच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. बॉस्टनच्या पॉल रिडकर यांच्या गटाने अशा ५४३ जणांच्या जुन्या नळ्या बाहेर काढल्या, त्यांच्या जोडीला निरोगी राहिलेल्या ५४३ जणांच्या घेतल्या आणि सीआरपी मोजला. ज्यांचा आकडा सगळ्यांत वरच्या पावभागात होता, त्यांना झटक्याचा धोका सगळ्यांत खालच्या पावभागातल्या लोकांच्या जवळपास तिप्पट निघाला. १९९७ सालची ही गोष्ट. विचार करा, रक्त दिलं त्या दिवशी ही माणसं कामावर जात होती, टेनिस खेळत होती, त्यांचं काही दुखत नव्हतं. पुढचं पत्र त्या नळीत तेव्हाच लिहिलेलं होतं आणि वर्षानुवर्षं बर्फात पडून होतं.

मग सीआरपीच झटका आणतो का? त्याला हाकलला की काम झालं? इथे निसर्गाने एक प्रयोग आधीच करून ठेवला होता. काही माणसांच्या जनुकांची ठेवणच अशी असते, की सीआरपी जन्मभर इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो. तो दोषी असता तर या माणसांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. हजारो लोकांचा हिशेब मांडला, तसं काही आढळलं नाही. एलडीएलची हीच परीक्षा घेतली तर निकाल अगदी वेगळा. पीसीएसके९ नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांचा एलडीएल जन्मापासून सरासरी २८ टक्के कमी होता, आणि २००६ मध्ये दिसलं की त्यांना हृदयधमनीचा आजार ८८ टक्के कमी झाला होता. अठ्ठ्याऐंशी! तेव्हा एलडीएल हा गुन्ह्यातला भागीदार, आणि सीआरपी बातमी आणणारा पोस्टमन. पण पोस्टमन खोटं बोलत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

अर्थात पत्र कुठून आलं ते तो सांगत नाही. हिरड्या सुजल्या, पावसाळी ताप येऊन गेला, पोटावर चरबी साठली, तरी आकडा हलतो. म्हणून हृदयासाठी तपासताना तो दहाच्या वर आला तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात.

हाक मधेच तोडून पाहिली तर? रिडकर यांनी तेच करून पाहिलं, आणि निकाल २०१७ मध्ये आला. आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग झाला. काहींना दर तीन महिन्यांनी, वेगवेगळ्या मात्रांत, इंटरल्यूकिन-१ अडवणारं इंजेक्शन दिलं, काहींना औषध नसलेलं. मधल्या मात्रेच्या गटात पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू १५ टक्क्यांनी घटले आणि एलडीएल होता तिथेच राहिला. चरबीला हातही न लावता, नुसती ही हाक तोडून हृदय वाचवता येतं, हे पहिल्यांदा दिसलं. पण पहारेकऱ्याचा गळा दाबल्यावर चोरांचं फावतं, तसे जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग त्या लोकांत थोडे वाढले. औषध महागही होतं. हृदयासाठी ते वापरात आलं नाही.

मग नजर वळली एका फार जुन्या औषधाकडे. पायाचा अंगठा मध्यरात्री ठणकायला लागतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही, तो गाऊट. त्यात सांध्यात यूरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक साचतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या युर्ग चोप यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की हे स्फटिक भक्षक पेशींतला जो गजर वाजवतात, तो अगदी तोच आहे, जो पुढे धमनीत कोलेस्टेरॉलचे स्फटिक वाजवताना सापडला. ठणकणारा अंगठा आणि गप्प बसलेली धमनी, दोघांचं दुखणं आतून इतकं सारखं! गाऊटवर शेकडो वर्षं वापरात आहे कोल्चिसिन. ते पेशीच्या आतली वाहतूक ज्या नळ्यांवरून चालते त्या बांधूच देत नाही, त्यामुळे पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावते आणि गजरही दबतो. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातल्या ५,५२२ हृदयरुग्णांवर झालेल्या प्रयोगात रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन देऊन पाहिलं. २०२० मध्ये निकाल आला, झटक्यांसारखे प्रसंग ३१ टक्क्यांनी कमी. २०२३ मध्ये अमेरिकेने ते हृदयासाठी मंजूर केलं.

अर्धा मिलिग्रॅम म्हणजे साखरेच्या एका बारीक दाण्याएवढं. हा दाणा येतो कुठून? युरोपात तो एका जांभळट फुलाच्या कंदातून काढत आले. आपल्याकडे तो कळलावीत असतो. श्रावणात सह्याद्रीच्या वाटेवर, कुंपणाच्या काट्यांवर पानांची टोकं वेटाळून ती चढते आणि तिच्या फुलाच्या पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या असतात, खाली पिवळ्या, वर लाल. बाळंतपणाच्या कळा आणते म्हणून कळलावी. तमिळनाडूत तिची शेती होते आणि बियांमधून कोल्चिसिन काढतात. जाणती माणसं मुलांना तिला हात लावू देत नाहीत, ते अगदी बरोबर आहे. तिचा कंद खाऊन माणसं दगावली आहेत, कारण हे विष पेशींतल्या त्या नळ्या नको तिथेही मोडून टाकतं. दाणाभर औषध आणि कंदभर मरण, दोन्ही एकाच वेलीवर.

येत्या पावसाळ्यात ती दिसली तर लांबूनच बघा. सहा पाकळ्या आहेत, सहाही वर वळलेल्या.